सहा खुंट्यांचा बेस

बाबा, तो बेसच निघाला.

तुम्ही म्हणत होता तेच खरं. गिटार तोडून बनवलेला, कापून बनवलेला वगैरे काही नाही, जन्मापासूनच खर्जात बोलणारा बेस. हे कळल्यापासून मला कोणाला तरी सांगायचं आहे आणि ज्यांना सांगायचं ते तुम्ही दोघंही आता या जगात नाही. आई असती तर ‘मी तं आधीच म्हणत होती’ असं बिनधास्त खोटं बोलली असती. म्हणून आज रविवारी, नव्या रायपुरातल्या माझ्या सरकारी फ्लॅटच्या गॅलरीत कागद घेऊन बसले आहे. समोरचा रस्ता एवढा रुंद आहे की आपला अख्खा पारा, सगळ्या गल्ल्या-घरांसकट, त्यावर आडवा मावेल, आणि त्यावर या घटकेला एक कुत्रं सोडून कोणी नाही. लिहायला बरं आहे.

झालं असं. पाऱ्यातल्या विहारात यंदा जयंतीला जुन्या ऑर्केस्ट्रा पार्टीच्या वस्तू मांडायचं ठरलं. फोटो, पेटी, फाटक्या कातड्याची ढोलक आणि तुमचा निळा बेस. समितीचा सचिव आता तुमच्या ढोलकवाल्याचा मुलगा आहे. मराठी सगळं कळतं त्याला, बोलतो मात्र हिंदीत. फोनवर म्हणाला, “दीदी, बाबूजी वाला गिटार भिजवा दीजिए. और नीचे कार्ड पे क्या लिखना है, वो भी बता दीजिए.” सांगते म्हटलं, फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. कार्डावर काय लिहायचं हाच तर आपल्या घरातला कधी न सुटलेला प्रश्न. गिटार लिहिलं तर तुम्ही खोटे ठरता, बेस लिहिलं तर पार्टीतले गिटारवाले काका. आणि काका अजून आहेत. शंकर नगरला मुलाकडे राहतात, आता त्यांना फार चालवत नाही, पण जयंतीला खुर्चीवर बसून का होईना येतातच. चष्मा पुसून ते कार्ड वाचणारा पहिला माणूस तेच असणार, हे मला माहीत होतं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूनं सांगते. मी तेव्हा लहान होते आणि मला जे दिसलं ते स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या उंचीवरून दिसलं. बिलासपूरचे ते अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा घरातलं एक वाद्य त्यांनी आपल्या पार्टीला देऊन टाकलं. निरोप आला तो काकांकडे, त्यांच्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. सहा तारांचं आहे, तुम्हाला कामी पडेल, एवढाच निरोप. काका पार्टीत गिटार वाजवायचे, पण गिटार त्यांची स्वतःची नव्हती. चर्चमधल्या एका मास्तरांची मागून आणायची आणि कार्यक्रम झाला की पुसून परत करायची. सहा तारा म्हटल्यावर त्या माणसाच्या मनात काय काय झालं असेल, ते मला आज समजतं. नेमकी तेव्हा त्यांची ड्यूटी होती आणि तुमच्या कारखान्याला सुट्टी होती, म्हणून वाद्याची पेटी आणायला तुम्ही गेलात. काका गेले असते तर ते त्यांनी स्वतःच पाहिलं असतं आणि पुढचं काहीच झालं नसतं.

तुम्ही पेटी उघडता ती स्वयंपाकघरातच, कारण दिव्याचा उजेड तिथेच बरा आहे. आई पोळ्या लाटते आहे. तुम्ही उकिडवे बसून एक एक तार सोडवता आणि प्रत्येक तार पाहून च् च् करता. सगळ्यांवर गंज. मग तुम्ही आईला भाताचं पातेलं मागता आणि ती विचार न करता देते, हीच तिची चूक. पातेल्यात पाणी, पाण्यात सोडा आणि त्यात त्या तारा शिजायला ठेवता. कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की जुन्या तारा उकळल्या की पुन्हा बोलतात. पाणी लाल झालं, पातेलं काळं झालं, आणि एवढं करूनही खुंटीला गुंडाळताना तारा एकामागून एक तुटल्या. तुम्ही त्या उकिरड्यावर टाकून दिल्या. त्या पातेल्यात आईनं पुन्हा कधी भात केला नाही. आंघोळीचं पाणी तापवायला ते न्हाणीघरात गेलं, आणि तुम्ही त्यात पुढेही दर जयंतीआधी तारा शिजवत राहिलात. शेजारची मावशी विचारायची, आज काय भाजी, तर आई म्हणायची, तारांचा रस्सा.

सदर बाजारातल्या पेटी-ढोलकवाल्या दुकानदारानं असल्या तारा जन्मात पाहिल्या नव्हत्या. शेवटी नागपूरहून कोणाकडून तरी बेसच्या नेहमीच्या चार तारा आल्या. त्या जाड, म्हणून तुम्ही मानेच्या टोकाच्या चार खाचा कानशीनं रुंद केल्यात. चार तारा चढल्या, दोन खुंट्या रिकाम्या राहिल्या. जयंती तोंडावर आलेली, जुना रंग जागोजागी उडालेला, कंपनीच्या नावाची पट्टी आधीच कुठेतरी पडलेली. तुम्ही निळ्या ऑइलपेंटचा डबा आणून अंगणात सगळ्याला निळा रंग दिलात. झेंड्याचा निळा. तुम्हाला फार आवडला होता. मलाही.

आणि रंग वाळायच्या आत काका आले. ड्यूटीवरून थेट, सायकल भिंतीला न टेकवता आडवी टाकून. ते बराच वेळ त्या दोन रिकाम्या खुंट्यांकडे पाहत उभे राहिले.

“काहून तोडली बे गिटार?”

“गिटार नाही. बेस हाये तो.”

“सहा खुंट्यांचा? बेसले चार राह्यतात. मले शिकवून राहिला का?”

“याले सहा हायेत.”

“मंग कानशीनं घासलं काहून? अन् हा रंग काहून देल्ला? कापलेलं झाकाले?”

तुम्ही ब्रश घेतला आणि रॉकेलमध्ये धुवायला बसलात. काकांनी सायकल उचलली. त्या वर्षी आपल्या पाऱ्यात एकाच्या जागी दोन पार्ट्या वाजल्या आणि दोन्हीत काहीतरी कमी होतं. एकीत बेस नव्हता, दुसरीत गिटार नव्हती. आई महिनोन्‌महिने मागे लागली होती, “हो म्हणून टाका ना एकदा. तोंडानं म्हणाले काय जाते?” आणि तुमचं एकच, “जे केलंच नाही ते हो कसं म्हणू?” पण तेही घरात. बाहेर तुम्ही त्या विषयावर पुन्हा अक्षर काढलं नाही. तुमच्या शेवटच्या दिवशी काका आले होते, फाटकाशी उभे राहिले, आत आले नाहीत. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. ते त्यांनी प्यायलं.

तुम्ही मला फारसं रागावला नाहीत कधी. एकदा रागावलात ते याच कारणानं. नागपूरचे एक गायक घरी जेवायला आले होते, त्यांनी भिंतीवरचा बेस पाहिला आणि चौकशी केली. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आमच्या बाबांनी गिटार तोडून बनवला. मला वाटलं होतं मी तुमचं कौतुक करते आहे. पाहुणे गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि अगदी हळू म्हणालात, “जे तुले माहीत नाही ते कोणाले सांगू नको.” ओरडला असता तर विसरले असते. पुढे मी आरेखक झाले, आयुष्यभर नकाशे काढले, आणि जी भिंत मोजली नाही ती कागदावर कधी काढली नाही. लोक म्हणतात मी फार किचकट आहे. त्यांना माझे बाबा माहीत नाहीत.

पण खरं सांगायचं तर मोठी होत गेले तशी मला काकांची बाजू पटत गेली. टीव्हीवर, लग्नाच्या बँडमध्ये, जिथे जिथे बेस दिसला तिथे चारच तारा. मी मोजायचे. तुम्ही खोटं बोलणारे नव्हता, आणि सहा खुंट्यांचा बेस कोणी पाहिलेला नव्हता. या दोन गोष्टी एका घरात घेऊन राहणं सोपं नसतं. म्हणून मी तो बेस माळ्यावर ठेवला आणि वर पाहायचं टाळलं.

सचिवाच्या फोननंतर मात्र खाली काढला. पलंगावर चादर अंथरली, त्यावर ठेवला आणि स्क्रू काढून तोंडावरची प्लास्टिकची तबकडी उघडली. निळा रंग तिच्या कडेला येऊन थांबला होता. आत तुमचा हात पोचलाच नव्हता. आत जुना रंग होता, मधे पिवळा आणि कडेला तपकिरी होत गेलेला, चकचकीत. लाकडात जेवढे खड्डे होते त्यांच्या आतपर्यंत तो रंग गेला होता, म्हणजे ते सगळे त्या रंगाच्या आधीचे. नंतर कापलेलं, भरलेलं, बुजवलेलं काही नाही. मी टॉर्च लावून बोटानं चाचपून पाहिलं. तेव्हाच छातीवरचं ओझं थोडं हललं. पण थोडंच, कारण यातून तुम्ही काही कापलं नाही एवढं कळलं. ते गिटार आहे की बेस, ते राहिलंच.

मग जे मला येतं ते केलं. मोजमाप घेऊन नकाशा काढला, एखाद्या इमारतीचा काढतात तसा, समोरून, बाजूनं आणि आतून. तारेची लांबी मोजली तर ती नेहमीच्या गिटारपेक्षा जास्त भरली आणि नेहमीच्या बेसपेक्षा कमी. तुम्ही आणि काका दोघंही चूक, असंच जणू ते म्हणत होतं. जुनी वाद्यं जमवणाऱ्या जगभरच्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे, तिथे नकाशा आणि फोटो टाकले आणि विचारलं की हे काय आहे. लगेच उत्तरं आली. कोणीतरी बिचाऱ्या गिटारचे हाल केलेत, म्हणे. खाचा बघा कशा घासल्यात. एकानं तर असं करणाऱ्याच्या हातातून कानस काढून घ्या, असं लिहिलं. बाबा, त्या दिवशी मी जेवले नाही. परदेशातले अनोळखी लोक माझ्यासमोर काकांचीच वाक्यं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी जपानमधल्या एका आजोबांनी लिहिलं. त्यांनी मत दिलं नाही, प्रश्न विचारला. फोटोत तीन बटणं एका ओळीत दिसतात आणि चौथं जरासं वेगळं आहे. ते चौथं दाबल्यावर आवाज बारीक होतो का, घसा बसल्यासारखा?

मी ऑफिसात होते. वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटले. शेजारच्या मॅडम पाणी घेऊन आल्या. त्यांना काय सांगू की हा माणूस जपानात बसून मला आमच्या बाबांच्या खोकल्याच्या बटणाबद्दल विचारतो आहे. तुम्हीच ते नाव ठेवलं होतं. लहानपणी मी हळूच येऊन ते दाबायची, बेसमधून एकदम चिरका आवाज निघायचा आणि तुम्ही वाजवता वाजवता म्हणायचे, “झाला खोकला सुरू.” मी तेच लिहून पाठवलं. आजोबांनी स्वतःजवळच्या वाद्याचा फोटो पाठवला. तीच शिंगं, तीच बटणं, आत तसाच पिवळा-तपकिरी रंग, आणि सहा तारा. त्यांनी सगळं नीट समजावलं. अमेरिकेतल्या एका कंपनीनं असा सहा तारांचा बेस काढला होता, गिटारच्याच सुरांत पण एक सप्तक खाली. फार चालला नाही. जपानातल्या एका कारखान्यानं काही काळ त्याची नक्कल केली, ती आणखीच कमी लोकांनी पाहिली. चौथं बटण खालचा आवाज कापतं, त्यामुळे तो क्षणभर गिटारसारखा वाटतो. आणि खाचांबद्दल त्यांनी लिहिलं की घासणाऱ्याला दोष देऊ नका, याच्या तारा तेव्हा आम्हालाही मिळत नव्हत्या, मीसुद्धा चारच लावून वाजवत होतो.

मीसुद्धा चारच लावून वाजवत होतो. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. तुमच्यासारखा आणखी एक माणूस तिकडे समुद्रापलीकडे हेच करत होता. मला इतकं हलकं वाटलं की घरी येताना गाडी रस्त्याच्या कडेला लावून थोडा वेळ नुसती बसले. रडले थोडी. आनंदानंच.

त्या बेसच्या तारा आता मिळतात. मागवल्या, सहाही चढवल्या आणि माइकवाल्याकडून एक लहान ॲम्प्लिफायर घेऊन शंकर नगरला गेले. सूनबाईंनी चहा आणला. काका खिडकीशी खुर्चीत होते. बेस पाहून म्हणाले, “रंग तसाच हाये.” मी मनाशी ठरवलं होतं की आपण काही बोलायचं नाही. जपान, नकाशा, काहीच नाही. वाद्य त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, “काका, वाजवा. गिटार वाजवता तसं.”

त्यांनी सहा तारा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. डावा हात आपोआप वर गेला आणि गिटारवर सगळ्यात आधी शिकतात ती बोटं बसली. उजवा हात तारांवरून उतरला. आवाज निघाला तो जमिनीतून आल्यासारखा. ट्रेमधला स्टीलचा पेला टेबलावर खुळखुळला. काकांनी हात काढून घेतला, बोटांकडे पाहिलं, पुन्हा तीच बोटं बसवली, पुन्हा वाजवलं. पेला पुन्हा बोलला.

“बोटं तं गिटारची हायेत,” ते म्हणाले. त्यांनी सगळ्यात जाड तारेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “बेस हाये तो.”

तुमचेच शब्द, बाबा. तुमच्याच चालीवर.

मी त्यांना चौथं बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं आणि वाजवलं. आवाज बारीक झाला, जवळजवळ गिटारच. सोडलं, पुन्हा खाली गेला. दोन-चारदा दाबलं, सोडलं. “म्हणजे दाबलं त माही गिटार, सोडलं त त्याचा बेस,” ते म्हणाले आणि हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला चष्मा काढला. मग माझ्याकडे न पाहता खिडकीकडे तोंड करून बोलले. “त्यानं एकदाच सांगतलं. मी म्हटलं, खरा असता त भांडला असता. आपल्यात खरा माणूस ओरडते ना. हा चूप राह्यला, रॉकेलमंदी ब्रश धुत बसला. मले वाटलं, चोर हाये म्हणून चूप हाये.” सूनबाई दारात थबकल्या होत्या. काकांनी त्यांना हिंदीत सांगितलं, “इसके पापा सही थे. मैं ही नहीं समझा.”

मी विचारलं, कार्डावर काय लिहू. ते म्हणाले, “जे हाये ते लिही. अन् रंगाचंबी लिही.” म्हणून मी लिहिलं, सहा तारांचा बेस, जपानी बनावट, निळा रंग घरचा. अक्षर सुबक काढलं आहे, नकाशावर काढते तसं. जयंतीला काका आले, चष्मा पुसून कार्ड वाचलं आणि जो येईल त्याला स्वतःच समजावून सांगत बसले. सचिव मला म्हणाला, “दीदी, अंकल तो हट ही नहीं रहे.” बसू दे म्हटलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते इथेच राहील. पण लिहिते आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. प्रत्येक कार्यक्रमानंतर सायकलच्या दांड्यावर बसवून मला घरी आणताना तुम्ही विचारायचे, “बेस ऐकू आला का?” आणि मी मान हलवून म्हणायची, हव. तुम्ही खूश व्हायचे, पेडल जोरात मारायचे. बाबा, त्या गलक्यात मला कधीच नाही ऐकू आला. ढोलक ऐकू यायची, पेटी ऐकू यायची, गाणाऱ्याचा आवाज ऐकू यायचा. तुमची बोटं हलताना दिसायची, म्हणून हव म्हणायची. त्या दिवशी शंकर नगरला तो पेला खुळखुळला तेव्हा पहिल्यांदा आला.